मिशी काढण्यापूर्वी मुकादमांना कळवावे

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला मिशी काढायची असेल, तर त्याने आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मुकादमांना कळवायचं, असा नियम होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी स्वतः उभं राहून तो मांडला होता आणि सेक्रेटरींनी हसत हसत मंजूर केला होता. दाढी वाढवणाऱ्यांना सूट होती, कारण दाढी हळूहळू येते आणि मुकादमांना सवय व्हायला वेळ मिळतो. चष्म्याची फ्रेम बदलली तर जिन्यात भेटल्याबरोबर आपण होऊन नाव सांगायचं. नवीन चप्पल घेतली तर ती वापरायच्या आधी त्यांना दाखवून आणायची.

तळमजल्यावरच्या पवारांनी हा नियम मोडला. सकाळी मिशी उडवली आणि दुपारी शिडी मागायला मुकादमांकडे गेले. मुकादमांनी दार अर्धं उघडलं, पवारांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि ते तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आमी अगरबत्त्या घेत नाय." दार बंद. पवारांनी बाहेरून हाक मारली तेव्हा ते परत उघडलं.

"अवं पवार, तुमी? मग आधी आवाज द्यायचा. नुसता तोंड घेऊन काय येता?"

हसन मुकादम वेडे नव्हते, विसराळू नव्हते आणि डोळ्यांनी अधू तर मुळीच नव्हते. गच्चीवर उभं राहून हायवेवरच्या ट्रकचा नंबर वाचायचे. फक्त माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येत नव्हता. नाक दिसायचं, डोळे दिसायचे, बाई की पुरुष, म्हातारा की तरणा, हसतोय की चिडलाय, तेही कळायचं. हा माणूस कोण, तेवढं कळायचं नाही. "सगळा माल दिसतो साळवे," ते मला सांगायचे, "दुकान कुणाचा ते कळत नाय."

आणि या गृहस्थांचा धंदा फोटो काढण्याचा. सानपाडा स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा 'मुखडा फोटो स्टुडिओ' होता.

मी साळवे. मूळचा परभणीकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून. मुकादमांच्या समोरचं दार माझं. त्यामुळे हे सगळं मला अगदी पहिल्यापासून माहीत आहे.

नव्वदीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. सानपाड्यात तेव्हा इमारती कमी आणि गवताचे प्लॉट जास्त. मुकादम एपीएमसी मार्केटच्या बाजूने स्कूटरवर येत होते. कुठल्यातरी ट्रकमधून रस्त्यावर कोबीची पानं सांडली होती. स्कूटर एकीकडे गेली, मुकादम दुसरीकडे, आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. त्याला साधा ओरखडाही आला नाही, आणि ही गोष्ट मुकादम पुढे हेल्मेटच्या मजबुतीचा पुरावा म्हणून सांगत.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्यांनी उशाशी बसलेल्या बाईला विचारलं, "सिस्टर, माझी बायको कुठं हाय?"

उशाशी रझियाभाभीच बसल्या होत्या. "मी सिस्टर दिसते तुमाला?" त्या म्हणाल्या. आवाज ऐकल्याबरोबर मुकादमांनी "रझिया" म्हणून त्यांचा हात धरला. औषधांची गुंगी असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुढे गुंगी उतरली, टाके निघाले, केस पुन्हा उगवले, पण चेहरे काही परत आले नाहीत.

स्टुडिओत हाहाकार माजला. मुकादम पासपोर्ट फोटो झकास काढायचे, पण ते कुणाचे, हे त्यांना कळेना. जाड मिशीवाल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या जाड मिशीवाल्याचे फोटो जायला लागले. नेरूळच्या एका मुलीचा लग्नासाठी काढलेला फोटो वाशीच्या मुलीच्या पाकिटात गेला. मुलाकडच्यांना फोटो पसंत पडला, ते बघायला आले, आणि समोर भलतीच मुलगी. मुलाच्या आईने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा मुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "फोटोपेक्षा मुलगी बरी आहे." लग्न ठरलं. त्या लग्नाची ऑर्डरही मुकादमांनाच मिळाली.

मग त्यांनी कान धरले, म्हणजे लोकांचे. चेहरा नाही तर नाही, कान तरी प्रत्येकाचा वेगळा असतो, असा त्यांना शोध लागला. त्यानंतर मुखडा स्टुडिओत गिऱ्हाइकाचे दोन्ही कान दिसल्याशिवाय फोटो निघेना. बायकांना केस मागे घ्यायला लावत. मला ते चालीवरून ओळखत. "तुमी चालता तवा डावी चप्पल घासते," असं त्यांनी मला बिल्डिंगच्या गेटवर चारचौघांत सांगितलं. सलूनमध्ये एकदा न्हाव्याने "बरोबर झालं का" म्हणून विचारलं, तर मुकादम आरशात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे बघून म्हणाले, "वरून अजून कमी कर. आणि हा कलप कशाला लावलास? मी सांगितला नव्हता." शेजारचा माणूस उठून उभा राहिला, तेव्हा कुठे मुकादमांना कळलं की आरशातले आपण दुसरेच आहोत.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉ. सबनीस नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या. मेंदूच्या अभ्यासातल्या. त्यांच्या कानावर ही केस गेली आणि त्यांनी मुकादमांना बोलावून घेतलं. मुकादमांचं नशीब त्या दिवसापासून उघडलं असं म्हटलं पाहिजे, कारण तोपर्यंत ते बिघडलेले फोटोग्राफर होते, आता ते विज्ञानाचे पाहुणे झाले.

बाईंनी त्यांच्या मेंदूचे फोटो काढले. मुकादमांनी ते उजेडाला धरून बघितले. "लायटिंग बरी नाय," ते म्हणाले, "पण बारकावा चांगला आला." मेंदूच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला एक डाग होता. त्यातली एक प्रत मागून आणून त्यांनी स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावली, एका नवरीच्या आणि एका रांगत्या बाळाच्या मधोमध. कुणी विचारलं की हे कोण, तर सांगायचे, "मीच. आतून."

एकदा मी सोबत गेलो होतो. बाई त्यांना एकामागून एक चित्रं दाखवत होत्या. स्कूटर, कुलूप, दुधी, पडवळ, सगळं मुकादमांनी बिनचूक सांगितलं. मग चेहरे आले. सिनेमातले हिरो, पुढारी, क्रिकेटवाले, मुकादमांचा सख्खा भाऊ. "नाय माहीत. नाय माहीत. नाय माहीत." भावाला मात्र त्यांनी कानावरून पकडलं. तेव्हा बाईंनी काळा कागद कापून सगळ्यांचे कान, केस आणि कपडे झाकले. "कान झाकणं हा अन्याय हाय," मुकादम म्हणाले.

मी बाईंना विचारलं, "डॉक्टर, यांच्या बिघाडातून तुम्हाला काय मिळतं?"

"मेंदू नीट चालतो तेव्हा सगळी कामं एकदम चाललेली असतात," त्या म्हणाल्या. "कुठला भाग काय करतो, ते बाहेरून दिसत नाही. पण एकाच जागी इजा झाली आणि एकच गोष्ट गेली, बाकी सगळं शाबूत राहिलं, तर आम्हाला अंदाज येतो, की या कामाशी त्या जागेचा संबंध आहे. बोलण्याची जागाही डॉक्टरांना अशाच एका माणसामुळे कळली. त्या बिचाऱ्याला एकच शब्द म्हणता यायचा."

"म्हणजे आपल्या मीटर रूमसारखा," मुकादम मला समजावू लागले. "कंचा फ्यूज कुणाचा, कोणाला माहीत होता? एक उडाला आणि फक्त पवारांचा पंखा बंद पडला, तवा कळला. मी तो उडालेला फ्यूज हाय."

"पण एवढ्यावर पक्कं म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित चेहरे ओळखणं हेच मुळात जास्त कठीण काम असेल. उलटा पेशंटही लागतो. ज्याला चेहरे ओळखता येतात, पण वस्तू येत नाहीत."

"असा मानूस हाय?"

"असतात, फार क्वचित."

मुकादम परत येताना वाटभर त्या माणसाचाच विचार करत होते. "त्याला वाशीला आणू," ते म्हणाले. "दोघं मिळून भाजीचा दुकान टाकू. मी भाजी वळखीन, तो गिऱ्हाईक वळखेल."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. घोटाळा बकऱ्याने केला.

बाईंना बघायचं होतं की जनावरांचे चेहरे तरी मुकादमांना ओळखता येतात का. ईदच्या आधी मुकादमांनी गावाहून बकरा आणला होता आणि फोटोग्राफरच तो, त्याचे भरपूर फोटो काढले होते. बाईंनी ते इतर बकऱ्यांच्या फोटोंत मिसळले. मुकादमांनी आपला बकरा दरवेळी बरोबर काढून दिला. बाईंना फार आनंद झाला. मुकादमांना त्याहून जास्त झाला आणि त्यांनी तो रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, उभं राहून जाहीर केला.

"आज सिद्ध झाला," ते म्हणाले. "मेंदूत बकरा वेगळ्या कप्प्यात असतो, बायको वेगळ्या कप्प्यात. माझा बायकोचा कप्पा फुटला, बकऱ्याचा शाबूत हाय."

लोक पोट धरून हसले. रझियाभाभी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्याही हसल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबल्या.

भाभी बोलायला तिखट. बिल्डिंगमधल्या कुणाचंही भांडण त्यांनी दोन वाक्यांत मिटवावं. पण त्या दिवसानंतर त्या गप्प राहू लागल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "डॉक्टरीण प्रयोग करते ना, मी बी एक करते." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची साडी मागून घेतली, तिच्या चपला घातल्या, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवून गप्प उभ्या राहिल्या. मी आमच्या दारातून बघत होतो.

मुकादमांनी दार उघडलं. अदबीने म्हणाले, "भाभी घरात नाय. बाजारात गेली हाय. मागून या."

भाभींनी नुसती मान हलवली आणि जिना उतरून खाली गेल्या. बऱ्याच वेळाने पिशवीभर भाजी घेऊन आल्या. नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. मलाही बजावलं की त्यांना सांगू नका.

त्यानंतर पनवेलला भाभींच्या माहेरचं लग्न होतं, आम्हीही गेलो होतो. दोन्हीकडच्या बायकांनी एकाच ताग्यातलं हिरवं कापड घेऊन सारखे ड्रेस शिवले होते. मुकादम लग्नात भाभींना नेहमी ओढणीवरून ओळखायचे. त्या दिवशी हॉलभर त्याच ओढण्या. जेवणं झाल्यावर त्यांचे पाय दुखायला लागले. त्यांनी अंदाजाने एका हिरव्या ओढणीचं मनगट धरलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "चल रझिया, घरी जाऊन पाय चेपून दे."

ती नवऱ्या मुलाची आई होती.

पुढचा अर्धा तास मी वर्णन करत नाही. मेंदूतल्या कप्प्यांचं शास्त्र मुकादमांनी तिथे उभ्या उभ्या समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. एवढंच सांगतो की निकाह टिकला आणि रझियाभाभी तिथूनच भावाबरोबर माहेरी, म्हसळ्याला निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "साळवे भाऊ, चूक त्यांची नाय, मना कळतो. डोक्याला लागलाय. पण मी त्यांच्यासमोर उभी असते आणि ते मना पाव्हनी समजतात. रोज रोज नवऱ्याला आपली वळख किती सांगायची?"

मुकादम सुरुवातीला ताठ होते. "विज्ञानासाठी त्याग करावा लागतो," असं म्हणून ऑम्लेट खायचे. सकाळी ऑम्लेट, दुपारी ऑम्लेट. आठवडाभराने ते स्टुडिओही उशिरा उघडायला लागले. एका संध्याकाळी मी कामावरून येताना आत डोकावलो, तर ते काउंटरवर एक मोठा ग्रुप फोटो पसरून बसले होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला, गावच्या अंगणात पाहुण्यांसकट काढलेला.

"साळवे, बसा," माझी चप्पल ऐकून ते म्हणाले. "ह्यात रझिया कंची?"

"तुम्हाला ठाऊक असेल की. नवरी मधोमध असते."

"हा फोटो दुसऱ्या दिवसाचा हाय. सगळ्या बायका सारख्याच नटलेल्या हायत."

मी निरखून बघितलं आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीवर बोट ठेवलं. माझं बोट काढल्यावर त्यांनी तिथे स्वतःचं ठेवलं, सरकू नये म्हणून जरा दाबूनच.

"कशी दिसते?"

दुसऱ्याच्या बायकोचं रूप तिच्याच नवऱ्याला सांगायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. मी म्हटलं, "चांगली दिसतात."

"असा नाय. नीट सांगा."

"डोळे मोठे आहेत," मी म्हणालो. "हनुवटी जरा पुढे आहे. फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारख्या दिसतात, पण हसू येतंय त्यांना, ते दाबून धरलंय."

"हसू कसला? मीच बोललो होतो तिला, मोठी मानसं बघतायत, हसू नको." बोट न काढता त्यांनी फोटो दिव्याखाली ओढला. "माझ्या हातचा फोटो हाय. आणि मना दिसत नाय."

पुढच्याच आठवड्यात डॉ. सबनीसांचा निरोप आला. एक शेवटची तपासणी करायची होती आणि त्यासाठी घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे फोटो हवे होते. मुकादम जायला तयार नव्हते. "विज्ञानाला सांगा मुकादम आजारी हाय," ते म्हणाले. मीच सुट्टी टाकून त्यांना घेऊन गेलो. फोटोंचं पाकीटही मीच भरलं. त्यात भाभींचा फोटो टाकला, माझाही टाकला, आणि बाकी स्टुडिओतल्या अनोळखी गिऱ्हाइकांचे.

या वेळी बाईंनी त्यांच्या बोटांना दोन वायरी चिकटवल्या. वायरी एका यंत्राला जोडलेल्या, यंत्रावर एक सुई. "तळहाताला जरासा घाम आला की ही सुई हलते," बाईंनी मला हळूच सांगितलं. "आपल्याला दिसतही नाही इतका. तुम्ही मागे बसा, बोलू नका."

कान, केस झाकलेले फोटो सुरू झाले. गिऱ्हाईक. "नाय माहीत." सुई शांत. आणखी एक गिऱ्हाईक. "नाय माहीत." सुई शांत. मग माझा फोटो आला. "नाय माहीत," मुकादम म्हणाले आणि सुई ढिम्म हलली नाही. इतक्या वर्षांचा शेजार, माझ्या घरचं किती वेळा जेवलेत, मला जरा लागलंच. बकरा आला. "माझा बकरा," ते म्हणाले. तिथेही सुई शांतच होती, तेवढंच मला समाधान.

मग भाभींचा फोटो आला.

"नाय माहीत," मुकादम म्हणाले, आणि सुई टणकन उडाली.

बाईंनी फोटो बदलला, सुई खाली बसली. चार अनोळखी चेहरे दाखवून त्यांनी मध्येच पुन्हा भाभींना आणलं. "नाय माहीत. किती वेळा तेच विचारता?" सुई पुन्हा उडाली. बाईंनी पुन्हा फिरवून बघितलं, फोटोंचा क्रम बदलून बघितलं. मुकादम दरवेळी नाही म्हणत होते आणि सुई दरवेळी उडत होती.

शेवटी बाईंनी तो फोटो त्यांच्या हातात दिला. "मुकादम, या तुमच्या मिसेस. तुम्ही ओळखलं नाहीत. पण तुमच्या शरीराने ओळखलं. असं इतर पेशंटमध्येही दिसलं आहे. म्हणजे ओळखण्याचे मेंदूत एकाहून जास्त रस्ते असावेत. तुमचा एक बंद पडला, दुसरा अजून चालू आहे. तो तुम्हाला काही सांगत नाही, इतकंच."

मला वाटलं, आता शोकेसमध्ये हे यंत्रच येऊन बसणार. पण मुकादमांनी यंत्राकडे बघितलंही नाही. आपला तळहात उलटसुलट करून बघत बसले.

सानपाड्याला उतरल्यावर ते थेट एसटीडी बूथमध्ये शिरले आणि म्हसळ्याला फोन लावला. काचेमागून मला ऐकू येत नव्हतं. हातवारे दिसत होते, वायरीचे, सुईचे, मध्येच बकऱ्याच्या शिंगांचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "ती बोलते मशीन खोटा असेल. मी स्वतः बघीन तवा मानीन."

आणि भाभी खरंच आल्या. सोबत एक पाकीट होतं. हॉस्पिटलात खुर्चीवर बसल्या आणि डॉ. सबनीसांना म्हणाल्या, "आता माझ्यासमोर करा. आणि हे फोटो बी दाखवा." पाकिटात त्यांच्या बहिणींचे, वहिनींचे फोटो होते, आणि अगदी तळाशी त्या नवऱ्या मुलाच्या आईचा.

बाईंनी हसू आवरून सगळे फोटो मिसळले. बहिणी आल्या, गेल्या. वहिनी आल्या, गेल्या. नवऱ्या मुलाची आई आली तेव्हा भाभी पुढे वाकून सुईकडे बघत होत्या. सुई जागची हलली नाही. भाभी पुन्हा मागे टेकल्या. त्यानंतर भाभींचा स्वतःचा फोटो आला.

"नाय माहीत," मुकादम म्हणाले. आवाजात नेहमीचा रुबाब नव्हता. "खरंच नाय माहीत, रझिया."

सुई उडाली ती कडेला जाऊन आपटली.

"परत दाखवा," भाभी म्हणाल्या. बाईंनी परत दाखवला. "अजून एकदा." बाईंनी अजून एकदा दाखवला. खरं तर एकच फोटो इतक्या वेळा दाखवण्यात शास्त्राच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता, पण बाई दाखवत राहिल्या.

मग भाभी उठल्या. नवऱ्याच्या बोटांवरच्या चिकटपट्ट्या त्यांनी एक एक करून सोडवल्या, वायरी बाजूला ठेवल्या आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन शेजारी बसल्या.

"घाम किती येतो तुमाला," त्या म्हणाल्या आणि ओढणीच्या टोकाने तळहात पुसायला लागल्या. पुसून कोरडा झाला की तो पुन्हा ओला होत होता.